इलेक्ट्रिक कार घेताय? शोरूमच्या आधी मीटर रूममध्ये जाऊन या

इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एका चार्जमध्ये किती जाते? दुसराही ठरलेला: आठ वर्षांनी बॅटरी बदलायची झाली तर किती लाख? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा. गाडी परवडणार की डोक्याला ताप होणार, हे तुमच्या पार्किंगवर आणि विजेच्या बिलावर ठरतं. या दोन्ही गोष्टी बघायला शोरूममध्ये जावं लागत नाही. म्हणून इथे सुरुवात पार्किंगपासून करतो. उदाहरणं महावितरणच्या ग्राहकाची घेतली आहेत. मुंबईत अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्टची वीज असेल तर दर वेगळे लागतील, हिशेबाची पद्धत तीच.

पायरी १: रात्री गाडी कुठे उभी राहते?

स्वतःचा बंगला किंवा रो-हाउस असेल आणि गाडी आवारात लागत असेल, तर ही पायरी ओलांडून पुढे जा. गाडी रस्त्यावर, जिथे जागा सापडेल तिथे लावत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: सध्या इलेक्ट्रिक घेऊ नका. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करणारे लोक आहेत. चार्जिंगला तासन्‌तास सलग भरपूर करंट लागतो, साधा बोर्ड तापतो आणि प्लग वितळतो. त्यात पावसाळा आला की हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

राहिले सोसायटीवाले, आणि खरी मेहनत त्यांनाच आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. त्यानुसार इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी वीजजोडणी मागता येते. त्यामुळे हक्क आहे, पण केबल सोसायटीच्या भिंतीवरून जाणार, म्हणजे कमिटीशी गोडीत राहावंच लागणार.

आधी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन मीटर रूममध्ये जा. तीन गोष्टी बघा. पॅनलवर आणखी एक मीटर बसायला जागा आहे का? तिथून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कोणत्या वाटेने जाईल? सरळ रेषेत नाही, भिंत आणि छताच्या कडेने टेप धरून मोजा. जिना आणि बीम चुकवता चुकवता वीस मीटरचे चाळीस होतात. आणि इमारतीच्या मुख्य केबलवर आत्ता किती भार आहे? हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून कागदावर घ्या. तांब्याची केबल लांबीवर, दर मीटरच्या भावाने मिळते. त्यामुळे पार्किंग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर चार्जरपेक्षा केबल महाग पडू शकते. कोटेशन हातात आल्याशिवाय गाडीचं बुकिंग करू नका.

कमिटीत आक्षेप येतात ते साधारण तीन. आगीची भीती, सोसायटीच्या कॉमन विजेवर डल्ला, आणि ‘उद्या अजून दहा जण आले तर?’ पहिल्याला उत्तर म्हणजे स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), नीट अर्थिंग आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल. दुसऱ्याचं उत्तर वेगळा मीटर, विषय संपला. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला हसू नका. एकेकाने आपापली केबल ओढली तर वर्षभरात छताखाली जाळं होतं आणि पाचव्या-सहाव्या माणसाच्या वेळी भार संपतो. अर्ज देतानाच सुचवा की सोसायटीने एकदाच मोठी केबल आणि ट्रे टाकावा आणि ज्याने त्याने त्यातून जोडणी घ्यावी. हा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला कमिटी सहसा नाही म्हणत नाही, कारण मग तो एका माणसाचा लाड राहत नाही, इमारतीची सुधारणा होते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची संमतीही लेखीच घ्या.

पायरी २: बिल काढा आणि टप्पे बघा

‘एका किलोमीटरला एक रुपया’ हे सेल्समनचं आवडतं वाक्य. ते काही वेळा खरं असतं. तुमच्या बाबतीत खरं आहे का, ते असं तपासा.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगतात. एक किलोवॅट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट. मध्यम आकाराची गाडी शहरात बॅटरीतल्या एका युनिटवर साधारण ७ किलोमीटर जाते. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवरच्या युनिटमागे ६ किलोमीटरच धरा. महिन्याला १,००० किलोमीटर चालवलीत तर मीटर सुमारे १६७ युनिटने पुढे सरकेल.

आता महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला दर चांगलाच उडी मारतो. समजा घरात महिन्याला १८० युनिट लागतात. गाडीचे १६७ त्यावर चढले की आकडा ३४७ वर जातो. म्हणजे गाडीचे १२० युनिट दुसऱ्या टप्प्यात पडले आणि ४७ तिसऱ्यात. वहन आकार (वीज पोहोचवण्याचं शुल्क) धरून दुसऱ्या टप्प्याला १२ आणि तिसऱ्याला १६ रुपये असा गोल आकडा घेऊ. १,४४० अधिक ७५२, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले साधारण २,५४० रुपये. किलोमीटरला अडीच रुपये, एक नव्हे.

तरीही पेट्रोलपेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरात दोन एसी असतील आणि उन्हाळ्यात बिल आधीच ५०० युनिटच्या पुढे जात असेल, तर गाडीचं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या भावाने येईल. वेगळा मीटर घ्यायचा तो यासाठी. एकतर त्या मीटरवर टप्पे नव्याने मोजले जातात. आणि ईव्ही चार्जिंगच्या स्वतंत्र वर्गवारीतला दर लागला तर टप्प्यांची भानगडच राहत नाही. आपल्या जोडणीला कोणती वर्गवारी लागेल हे उपविभागीय कार्यालयात अर्ज करतानाच विचारून घ्या. युनिट सगळं मिळून आठेक रुपयांना पडलं तर किलोमीटरचा खर्च १ रुपया ३५ पैशांच्या आसपास येतो.

छत तुमचं असेल तर सौरऊर्जेचाही विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि एवढा संच महिन्याला सरासरी ३५० युनिटच्या आसपास वीज देतो. आषाढ-श्रावणात अर्थातच कमी. सोसायटीला कॉमन वापरासाठी, ज्यात चार्जिंगही येतं, किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. कमिटीपुढे केबलचा प्रस्ताव ठेवताना हे जोडून सांगितलंत तर खजिनदार नक्की कान टवकारतील.

पायरी ३: पैसे वसूल कधी होतात?

पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरात मायलेज १४ धरलं, तर किलोमीटरला सव्वासात ते साडेसात रुपये. सीएनजी किलोला ९० आणि किलोत २४ किलोमीटर धरले, तर पावणेचार रुपये. वीज अडीच रुपये (घरच्या मीटरवर) किंवा १ रुपया ३५ पैसे (वेगळ्या मीटरवर). रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला जीएसटीसह १८ ते २५ रुपये पडतात. २० रुपये धरले तर किलोमीटरला तीन रुपये, हायवेच्या वेगाने साडेतीन. म्हणजे घरी सोय नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेर करणार असाल, तर खर्च जवळपास सीएनजीइतकाच. वर ताटकळत बसायचं ते वेगळं.

आता किंमत. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने त्या स्वस्त झाल्या आणि एक्स-शोरूम किमतीतलं अंतर वाढलं. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात पेट्रोल कारला ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो आणि इलेक्ट्रिकला तो माफ आहे. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात आला होता, तो सरकारने नंतर मागे घेतला. थोडक्यात, तुलना नेहमी ऑन-रोड किमतीची करा.

समजा ऑन-रोड फरक ३ लाखांचा निघाला. महिन्याला १,००० किलोमीटर, घरच्याच मीटरवर चार्जिंग: पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला ४,९०० रुपये वाचतात, वर्षाला ५९,०००. पाच वर्षांत फिटलं असं वाटेल. पण हे ३ लाख कर्जाऊ असतील तर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच २७,००० होतं. ते धरलं की वसुली सात वर्षांकडे सरकते. महिन्याला २,००० किलोमीटर आणि वेगळा मीटर असेल तर चित्र पालटतं, दोन-अडीच वर्षांत पैसे सुटतात. आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी निघत असेल, महिन्याला जेमतेम ४०० किलोमीटर होत असतील, तर पैशासाठी इलेक्ट्रिक घेऊ नका. शांतता आवडते, क्लच-गिअरचा कंटाळा आलाय, पिकअप आवडतो, अशा कारणांसाठी खुशाल घ्या. मी त्यांना कमी लेखत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती कारणं रोज सकाळ-संध्याकाळ जाणवतात.

सध्या सीएनजी वापरणाऱ्यांनी तर पेन्सिल जास्तच टोकदार करावी. तिथे बचत किलोमीटरला सव्वा ते अडीच रुपयांचीच आहे. पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी यांचा हिशेब ज्याने त्याने लावावा.

आणखी दोन आकडे. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने एकूण हप्ता बहुतेकदा जास्तच येतो. सर्व्हिसिंग स्वस्त पडतं, कारण इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यातलं काही नसतं. टायर मात्र लवकर झिजतात; वजन जास्त आणि पिकअप दांडगा.

शोरूममध्ये कुणी कलम ८०ईईबी खाली दीड लाखाची वजावट सांगितली तर हसून सोडून द्या. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजनाही खासगी कारला अनुदान देत नाही. राज्याच्या सवलतीचं म्हणाल, तर जी रक्कम कोटेशनमध्ये छापून येईल तेवढीच खरी माना.

पायरी ४: आता गाडी

जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. ४५ युनिटच्या नेक्सॉन ईव्हीचा चाचणीचा आकडा ४८९ किलोमीटर आहे, आणि रोजच्या वापरात ३५० ते ३७० मिळतील असं टाटा कंपनी स्वतःच ‘सी७५’ या नावाने सांगते. कोणत्याही कंपनीची गाडी असो, जाहिरातीच्या आकड्यातून पाव भाग वजा करा. हायवेला शंभरच्या वेगाने जाणार असाल तर एक तृतीयांश.

मग किती रेंज हवी? रोजची धाव ४०-५० किलोमीटर आणि घरी चार्जिंग असेल, तर टियागो ईव्ही किंवा १७.३ युनिटची एमजी कॉमेटही पुरते. दुसरी गाडी घरात असेल तर छोटीच घ्या, मोठ्या बॅटरीसाठी लाख-दोन लाख जास्त मोजून ती वर्षात चार वेळा वापरायला अर्थ नाही. घरातली एकुलती एक गाडी असेल, गाव कोकणात किंवा मराठवाड्यात असेल आणि दिवाळी-गणपतीला तिकडे जाणं ठरलेलं असेल, तर ४० युनिटच्या खाली जाऊ नका.

एमजीने विंडसरसोबत बॅटरी भाड्याने देण्याची योजना आणली. गाडीची किंमत कमी आणि किलोमीटरमागे बॅटरीचं भाडं. सुरुवातीला ते ३.५० रुपये होतं. वर विजेचा खर्च मिळवा, म्हणजे सीएनजीच्या पुढे गेलात. ऐकायला गोड वाटतं, पण रनिंग जास्त असणाऱ्याने त्यात पडू नये.

बॅटरीची वॉरंटी साधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. हल्ली काही मॉडेलना ‘लाइफटाइम’ वॉरंटी देतात. ती पहिल्या मालकापुरतीच आहे का, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, हे बुकलेटमध्ये वाचा. सेल्समनच्या तोंडून नको.

पायरी ५: घरचं चार्जिंग

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तासाला सुमारे ३ युनिट भरतो. रात्री दहाला लावलात तर सकाळी सहापर्यंत २४ युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटरची सोय. रोजच्या वापराला एवढं भरपूर आहे. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) तेच काम निम्म्याहून कमी वेळात करतो, पण त्याला मंजूर भार वाढवावा लागतो आणि कधी थ्री-फेज जोडणीही घ्यावी लागते. गाडीसोबत फुकट मिळतोय म्हणून लगेच बसवायची घाई नको. महिनाभर १५ अँपिअरवर काढून बघा.

सॉकेट चांगल्या कंपनीचं औद्योगिक दर्जाचं घ्या. घरातल्या मिक्सरच्या बोर्डातून वायर ओढू नका, डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या, वॉलबॉक्सला ६ किंवा त्याहून जाड. आणि अर्थिंग. नव्या मालकांच्या ‘गाडी चार्जच होत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी हेच निघतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून इलेक्ट्रिशियनने व्होल्टेज बघायला हवं. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर गाडी चार्ज घ्यायला नकार देऊ शकते आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. बंगल्याच्या कोपऱ्यातला जुना अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकलं की दुसऱ्या दिवशी गाडी मुकाट्याने चार्ज होते. गावी चार्ज करायची असेल तर हे तिथेही आधी तपासून ठेवा, शिवाय संध्याकाळचं व्होल्टेज किती पडतं तेही.

बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी भरतं अशा इमारतीत सॉकेट छातीच्या उंचीवर बसवा.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा १०० टक्के भरा, म्हणजे टक्केवारीचा काटा खरं बोलतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. कोणती आहे ते मॅन्युअलमध्ये असतं.

पायरी ६: पहिला लांबचा प्रवास

पहिल्यांदा मुंबई-पुणे करा. अंतर दीडशेच्या आसपास, वाटेत फूड मॉलवर चार्जर, आणि घाटाची परीक्षाही होते. खोपोलीवरून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटर उंची कापावी लागते. माणसं धरून १,९०० किलोच्या गाडीला फक्त त्या चढाला ३ युनिट जादा लागतात. टक्केवारी भराभर उतरताना बघून नवखा माणूस घाबरतो आणि एसी बंद करतो. काही गरज नाही. वर पोहोचल्यावर आकडा स्थिरावतो. येताना उतारावर ब्रेकऐवजी रिजन (वेग कमी करताना मोटरनेच वीज बनवण्याची सोय) वापरलंत तर त्यातली बरीचशी वीज परत बॅटरीत येते. फक्त लोणावळ्यात १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नका. बॅटरीत जागाच नसेल तर ती वीज जाणार कुठे?

निघण्याआधी दोन-तीन ॲप घेऊन ठेवा: टाटा पॉवर ईझी चार्ज, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी पल्स. प्रत्येकाचं वॉलेट वेगळं, त्यामुळे शंभर-दोनशे रुपये सगळीकडे अडकून पडतात. त्याला इलाज नाही. नकाशात चार्जर दिसतो म्हणजे तो चालू आहे असं नाही. प्लगशेअर या ॲपवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, शक्य असेल तर तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करा. आणि १० टक्क्यांवर पोहोचायचं गणित करू नका, २५ टक्के शिल्लक असतानाच थांबा, म्हणजे तो चार्जर बंद निघाला तरी पुढचा गाठता येतो. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग एकदम पडतो. तिथून पुढे भरत बसण्यापेक्षा निघालेलं बरं, मागे रांगेत उभा असलेलाही दुवा देईल.

पुणे-कोल्हापूर ४५ युनिटच्या गाडीला एका दमात जमतं, सातारा-कराडला हवं तर चहापुरतं थांबा. कोकणात जाताना मात्र महामार्ग सोडून आत वळलात की चार्जर विरळ होतात. मुक्कामाच्या घरी १५ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग आहे का, हे खोली बुक करतानाच विचारा. समृद्धीवर अंतरं लांब आणि वेग जास्त, म्हणजे खप जास्त. तिथे चढण्याआधी पोटभर चार्जिंग.

टोलचं: अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी सुरू झाली, आणि राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीही आहेत. तरी फास्टॅगमधून पैसे कापले जाऊ शकतात. प्रवासानंतर स्टेटमेंट बघा, कापले असतील तर तक्रार नोंदवा. साताऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या यादीत नाही, तिथे टोल लागतो.

जुनी घ्यायची असेल तर

इलेक्ट्रिक कारची रिसेल किंमत पेट्रोलपेक्षा जास्त घसरते. विकणाऱ्याचं ते दुःख, तुमची संधी. तीन-चार वर्षांची, कमी चाललेली गाडी चांगल्या भावात मिळते आणि वरचं वसुलीचं गणित एकदम सोपं होतं. पण सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा अहवाल मागा, वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का ते लेखी घ्या आणि चार्जिंगचं तोंड नीट बघा. आज रस्त्यावरचे फास्ट चार्जर सीसीएस-२ या प्रकारच्या प्लगचे आहेत. सुरुवातीच्या काळातल्या काही गाड्यांना जुना भारत डीसी-००१ प्रकारचा प्लग आहे. तशी गाडी स्वस्तात मिळाली तर घर-ऑफिस-घर यापुरतीच घ्या, आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी कधी बदलली तेही विचारून घ्या. मोठी बॅटरी ठणठणीत असून ही छोटी बसल्यामुळे गाडी सुरूच होत नाही, असं बऱ्याचदा होतं.